लेन्स बदलली, पण...
(मे महिन्यातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना फक्त टाळ्या आणि मधली आरडाओरड वगळली आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू काय काम करतोस ते कुणालाच नीट माहीत नाही, तेव्हा दहा मिनिटं त्यावर बोल." खरं आहे. आपल्या १९८८च्या दहावीच्या तुकडीत डॉक्टर झाले, वकील झाले, तिघं-चौघं अमेरिकेत गेले. त्यांचं काम एका शब्दात सांगता येतं. मी काय करतो हे माझ्या आईलासुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणींना "मशिनी दुरुस्त करतो" एवढंच सांगायची, आणि ते अगदी बरोबर होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आणि तळोजाच्या कारखान्यांत प्रयोगशाळा असतात. तिथं औषधाची पावडर, रंग, रसायनं तपासणारी यंत्रं असतात. ती बिघडली की मला फोन येतो. सत्तावीस वर्षं हेच चाललंय.

यातल्या एका यंत्राची गोष्ट मी आज सांगणार आहे. त्यात माझी फजिती आहे आणि समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या बाकमित्राचे पैसे आहेत. त्याला विचारूनच सांगतोय. त्याची अट एवढीच होती की नाव घ्यायचं नाही. आता सगळे मागे वळून बघताय, म्हणजे अट मोडलीच.

पण आधी थोडं मागे जाऊ. आठवीत बाईंनी प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे कागद लावले होते, आठवतं? एका खिडकीच्या पुठ्ठ्याला ब्लेडने फट पाडली होती, समोर लोलक ठेवला होता आणि भिंतीवर सात रंग पडले होते. आपण सगळे "ओ ऽ" करत होतो, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तांबड्या रंगाच्या पुढं हात धरून सावलीचा ससा करत होतं. (तो कोण, हे तुम्हाला माहीत आहे. तिसरी रांग.) बाई त्याला ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू हात धरलायस तिथं काही दिसत नाही, पण तिथंही ऊन पडतंय." मग त्यांनी विल्यम हर्शेलची गोष्ट सांगितली. १८०० साली त्याने सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात वेगवेगळ्या रंगांवर तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्याला अंधार होता, तिथला पारा जास्त चढला. तोच अवरक्त प्रकाश. माझी पुढची पोटापाण्याची सोय त्या अंधाऱ्या जागेत होती, हे तेव्हा कोणाला माहीत!

तांबड्याला लागून असलेल्या भागाला निकट-अवरक्त म्हणतात. साधारण ७०० ते २५०० नॅनोमीटर. तुम्हाला तो आत्ता दाखवतो. घरी गेल्यावर टीव्हीचा रिमोट घ्या, त्याचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्याला काही दिसणार नाही, पण पडद्यावर बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपका लुकलुकेल. तो प्रकाश ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. आपला डोळा तिथं आंधळा आहे, कॅमेऱ्यातला सिलिकॉन नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही म्हणून पुढचं सगळं घडलं.

या प्रकाशाचा उपयोग काय? पाणी, साखर, स्टार्च, तेल, सगळे आपापल्या ठरावीक लांबीचा प्रकाश थोडाथोडा गिळतात. पदार्थावर प्रकाश टाकायचा, परत आलेला प्रकाश लोलकासारखाच पसरायचा आणि कुठला भाग कमी झालाय ते बघायचं. अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस नावाच्या इंजिनिअरने १९६०च्या दशकात धान्यातला ओलावा असा मोजायला सुरुवात केली आणि हे शास्त्र कारखान्यांत शिरलं. आज तळोज्यात गोदामात आलेलं पिंप खरंच त्याच पावडरचं आहे ना, हे पिशवी न फोडता बघतात ते याच यंत्राने.

आता गोष्ट. माझा बाकमित्र वाशीच्या फळबाजारात आंब्याचा व्यापार करतो. आपण शाळेत होतो तेव्हा वाशीला लोकलसुद्धा नव्हती, ती १९९२ मध्ये आली. फळबाजारही त्या दशकात मुंबईहून खाडी ओलांडून इकडे आला, आणि याच्या वडिलांचा गाळाही. देवगडकडच्या बागा, पेट्या, पहाटेचा बाजार, हे त्याचं आयुष्य. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तो माझ्या वर्कशॉपवर आला आणि स्टुलावर बसला. चहासुद्धा मागितला नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाने त्याचा माल परत केला होता. वरून फळ केशरी, देठाजवळ वास घमघमीत, आणि कापलं की बाठ्याभोवती साका.

साका ज्यांना माहीत नाही अशी माणसं या सभागृहात नसतील, पण अमेरिकेत गेलेल्यांसाठी सांगतो. हापूसच्या आत बाठ्याजवळचा गर पांढरट, बुचासारखा, आंबट राहतो. तिथल्या स्टार्चची साखर होतच नाही, मध्ये हवेच्या पोकळ्या असतात. बाहेरून काडीचाही पत्ता लागत नाही. बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेतल्या संशोधकांनी त्याचा संबंध आतल्या बीशी जोडलाय, म्हणजे फळ झाडावर असतानाच बी रुजायची तयारी करू लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' ही साका न होणारी जात १९८१ मध्ये दिली. माझा मित्र म्हणतो, "रत्ना गोड आहे, मोठा आहे, सगळं आहे. पण गिऱ्हाईक गाळ्यावर येऊन हापूसच मागतं, त्याला मी काय करू?"

त्या दिवशी त्याने विचारलं, "तुझी ती मशिनं पिशवी न फोडता आतलं सांगतात ना? मग आंबा न कापता साका सांगेल का?"

आणि मी म्हणालो, "सांगेल की!"

माझ्याकडे एका प्रयोगशाळेने मोडीत काढलेलं एक यंत्र पडून होतं, ९०० ते १७०० नॅनोमीटरचं. त्यावर एक आंबा ठेवला. आलेख आला, पण उजवीकडे, १४५० च्या आसपास, खोल विहीर. आंबा म्हणजे बव्हंशी पाणी, आणि पाणी त्या ठिकाणचा प्रकाश इतक्या हावरटपणे गिळतं की प्रकाश सालीखाली जेमतेम पोचतो. पावडरसाठी तो पल्ला उत्तम, फळासाठी कुचकामी. फळासाठी अलीकडे यायला हवं, ७०० ते ११००. तिथं पाणी प्रकाशाला जरा वाट देतं आणि तो गरात सेंटीमीटरभर तरी उतरतो.

म्हणजे यंत्राचा पल्ला बदलायला हवा होता. मी यंत्र उघडलं. आत फार काही नसतं. एक बारीक फट, बाईंच्या पुठ्ठ्यासारखीच. मग एक लेन्स, जी फटीतून आलेला प्रकाश समांतर करते. मग लोलकाच्या जागी ग्रेटिंग, म्हणजे मिलिमीटरला ३०० रेघा असलेली काच. मग दुसरी लेन्स, जी पसरलेला प्रकाश डिटेक्टरच्या पट्टीवर गोळा करते. पट्टी १२.८ मिलिमीटर लांब, तिच्यात २५६ ठिपके. लेन्सच्या कडेच्या रिंगवर छापलेलं होतं १०५० ते १७००. ते कोटिंग. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार टक्के प्रकाश परत उडतो, तो उडू नये म्हणून पातळ थर चढवतात. पण तो थर ठरावीक पल्ल्यासाठीच असतो. त्याबाहेर गेलात तर साध्या काचेपेक्षाही जास्त प्रकाश उडवून तो आतल्या आत नाचवतो.

मी ती अक्षरं वाचली आणि मला वाटलं, सापडलं! अडचण लेन्समध्ये आहे. हिशेबही केला, आणि तो बरोबर होता, हेच तर दुःख आहे. पट्टीवर किती पल्ला मावणार हे ग्रेटिंगच्या रेघा, पट्टीची लांबी आणि दुसऱ्या लेन्सचं नाभीय अंतर यांवर ठरतं. जुन्या लेन्सचं अंतर ५० मिलिमीटर होतं आणि ८०० नॅनोमीटर मावत होते. १०० मिलिमीटरची लेन्स लावली की प्रकाश दुप्पट पसरतो, म्हणजे त्याच पट्टीवर ४०० मावतात. ७०० ते ११०० म्हणजे बरोबर ४००. ग्रेटिंग थोडं फिरवायचं, झालं. मी मित्राला म्हणालो, "दोन लेन्स बदलायच्या, बस." लेन्स बाहेरून मागवाव्या लागणार होत्या, ६५० ते १०५० च्या कोटिंगवाल्या. माउंट, जकात, कुरियर सगळं धरून पंचेचाळीस हजार रुपये. माल परत आलेला, हंगाम तोट्यात, तरी त्याने त्याच संध्याकाळी पैसे दिले. "तू म्हणतोस ना?" एवढंच म्हणाला.

लेन्स आल्या तेव्हा मे अर्धा संपला होता. तुर्भ्याच्या लेथवाल्याकडून नळी लांब करून घेतली. फोकस लावताना तर रडकुंडीला आलो, कारण जो प्रकाश दिसतच नाही त्याचा फोकस कागद धरून कसा लावणार? काच प्रत्येक लांबीला वेगळी वाकवते, कॅटलॉगमधलं अंतर एका लांबीचं असतं, आपल्याला दुसरीचं हवं असतं. अर्धा अर्धा मिलिमीटर सरकवत चार रात्री गेल्या. शेवटी दिवा लावला, आलेख घेतला. उजव्या अर्ध्या भागात छान टेकडी. डाव्या अर्ध्या भागात, ९०० च्या अलीकडे, सरळ रेघ. शून्य.

मी केबल बदलली. दिवा बदलला. फट पुसली. सत्तावीस वर्षांचा अनुभव माणसाला आधी दुसऱ्याच्या चुका शोधायला शिकवतो. शेवटी डिटेक्टरचा कागद काढला. ती पट्टी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडची. तिची वरची हद्द १७०० हे आमच्या धंद्यात पोराटोरांनाही पाठ. खालच्या हद्दीचं कोणी बघत नाही. तिच्यावर इंडियम फॉस्फाइडचा थर असतो आणि तो साधारण ९०० च्या अलीकडचा प्रकाश आत जाऊच देत नाही. मी त्या डोळ्याला नवा चष्मा दिला होता, आणि डोळा त्या बाजूला आंधळा होता.

हंगाम संपला. मित्राचा फोन आला, मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." नंतर दोनदा फोन आला, मी उचलला नाही. हे सांगायला मला आजही अवघड जातंय. पंचेचाळीस हजारांनी तो बुडणार नव्हता आणि त्याने ते कधी काढलेही नाहीत. पण आठवीपासूनचा मित्र, आणि मी त्याचं नाव पडद्यावर दिसताच फोन उलटा ठेवत होतो. गणपतीत तो आरतीला आला नाही. मी बोलावलंच नव्हतं.

त्या पावसाळ्यात एक गोष्ट वाचनात आली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टर्स्पेक' नावाचं निकट-अवरक्त वर्णपटमापक बांधून घेतलं, आणि २०१३ पासून ते लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटरच्या चंद्रा दुर्बिणीवर बसवलंय. त्याचा पल्ला १००० ते २५०० नॅनोमीटर. ते सगळं अतिशीत निर्वात डब्यात असतं, तिथं आमच्यासारखं पेचकस घेऊन लेन्स उपटता येत नाही. म्हणून दिवा, काच, ग्रेटिंग, डोळा यांचा मेळ कागदावर आधी बसवावा लागतो. मी जे लेथवाल्याच्या दारात केलं ते त्यांनी वहीत केलं असणार. माझ्यात आणि त्यांच्यात फरक बुद्धीचा असेल, तो राहू द्या, पण हा फरक तर मी भरून काढू शकत होतो.

मग वही घेतली. एका मोडीतल्या दुसऱ्या यंत्रातून सिलिकॉनची पट्टी काढली. रिमोट दिसतो ना मोबाइलला, तेच सिलिकॉन. ते साधारण ११०० पर्यंत बघतं, म्हणजे मला हवं तेवढंच. ती पट्टी २५.६ मिलिमीटर लांब, जुनीच्या दुप्पट. मग ग्रेटिंग ३००च्या जागी ६०० रेघांचं, म्हणजे हिशेब परत ४०० वर येतो. आणि लेन्स? मित्राच्या पैशाच्या त्याच दोन लेन्स. त्या आता बरोबर जागी बसल्या. अर्गॉनचा दिवा लावला, त्याच्या रेघा ६९६.५, ७६३.५, ८११.५, ९१२.३ अशा एकेक जागच्या जागी उभ्या राहिल्या. मी वर्कशॉपमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या.

मार्चमध्ये पहिली पेटी आणली, स्वतःच्या पैशाने, दुसऱ्या गाळ्यावरून. रात्री साडेअकराला एका आंब्याच्या आलेखात दोन टोकदार सुळके दिसले, ८७२ ला आणि १०९२ ला. कापला, तर आत साका! दुसरा आंबा ठेवला, पुन्हा सुळके. मी भान सोडून मित्राला फोन लावला. दहा महिन्यांनी. त्याने पहिल्या रिंगला उचलला. मी म्हणालो, "सापडला रे साका!" तो म्हणाला, "सकाळी बाजार आटोपून येतो."

सकाळी आला, बोलला काही नाही, पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर वरच्या ट्यूबलाइटची चकाकी पडत होती म्हणून उठला आणि त्याने बटण बंद केलं. सुळके गेले.

"अरे, साका गेला," तो म्हणाला.

पुन्हा बटण लावलं, सुळके परत. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. पाऱ्याच्या निळ्या प्रकाशाची लांबी ४३५.८, हिरव्याची ५४६.१. ग्रेटिंगला एक खोड आहे, ते दुप्पट लांबीच्या जागीही त्याच प्रकाशाची फिकी प्रत टाकतं. आता ४३५.८ दुणे करा. जुनी पट्टी निळ्या-हिरव्याला आंधळी होती, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. नवी पट्टी सगळंच बघत होती. मला ते बघायला रात्रभर वेळ होता, आणि मी ट्यूबलाइटखाली बसून ट्यूबलाइटच मोजत होतो. आम्ही दोघं इतके हसलो की लेथवाल्याचा पोरगा बघायला आला. मग फटीसमोर तांबडी काच बसवली, जी खालचे रंग अडवते, आणि यंत्रावर काळं कापड टाकलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. यंत्राला स्वतःला काही कळत नाही. आंबा मोजायचा, मग कापायचा, रसाची साखर वेगळ्या मापकाने काढायची, साका आहे की नाही ते लिहायचं, आणि असे शेकडो आंबे झाले की गणित बसतं. थंड खोलीतून आणलेला आंबा वेगळाच आलेख देतो, कारण पाण्याची खूण तापमानाने सरकते. तेव्हा सगळे आंबे आधी एकाच तापमानाला आणायचे. त्या हंगामात आमच्या घरी तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ आमरस होता. बायको म्हणाली, "शास्त्रासाठी एवढं सहन करणारी मी एकटीच असेन."

साखरेचं जमलं. गोड आंबे आणि फिके आंबे यंत्र बऱ्यापैकी वेगळे काढतं. साक्याचं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मोठा, बाठ्यापासून पसरत गालापर्यंत आलेला साका कळतो, कारण पोकळ्यांमुळे प्रकाश विखुरतो आणि पलीकडे कमी पोचतो. बाठ्याला चिकटलेला, अंगठ्याच्या नखाएवढा साका निसटतो, आणि जाड सालीचा चांगला आंबा कधीकधी उगाच आरोपी ठरतो. आपल्या खाडीपलीकडे तुर्भ्याला, नव्हे, तुर्भ्याला आपण राहतो, तुर्भ्यासमोर ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी साका ओळखण्यावर १९९३ मध्येच निबंध लिहिलाय. तो मार्ग जास्त खात्रीचा असेल. पण क्ष-किरणाचं यंत्र गाळ्यावर पहाटे चार वाजता, हमालांच्या गर्दीत, पेट्यांच्या ढिगात ठेवणार कुठे?

मित्र आता काय करतो ते सांगतो. पेटीतले सगळे आंबे यंत्रावर जात नाहीत. परत येण्याची भीती असलेल्या मोठ्या ऑर्डरमधले काही आंबे मोजतो, ज्यांच्यावर शंका येते ते बाजूला काढतो आणि कापून बघतो. गेल्या हंगामात एक संपूर्ण लॉट त्याने असा थांबवला, पाठवलाच नाही. कापला तेव्हा निम्म्यात साका निघाला. त्याच्या वडिलांचा यंत्रावर विश्वास नाही. ते वय ऐंशीच्या पुढे असूनही फळ हातात घेतात, देठ हुंगतात, बोटाने टिचकी मारतात आणि सांगतात. साक्याच्या बाबतीत ते यंत्राइतकेच चुकतात, पण गोडीच्या बाबतीत यंत्र अजून त्यांना गाठू शकलेलं नाही. लॉट थांबवला त्या दिवशी ते म्हणाले, "डबा बरा आहे." आमच्या डब्याला मिळालेलं ते एकमेव प्रमाणपत्र.

तो डबा मी आज आणलाय. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी काळ्या कापडाखाली ठेवलाय. कापड कुणी उचलू नका, ट्यूबलाइट चालू आहेत. बाईंनी पहिला आंबा निवडायचा, यंत्रावर ठेवायचा आणि नंतर कापायचा. साका निघाला तर मला बोला. आंबट निघाला तर मला बोलायचं नाही, पेटी त्याने आणली आहे. तिसरी रांग, डावीकडून दुसरा.